भरवसा एकतीस

नलूआत्याचा फोन आला तेव्हा ऋतुजा शितोळे तिच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवत होती. पॅनलवर, म्हणजे यंत्रं चालवायच्या पडद्यांसमोर, बसणाऱ्यांना फोन बाहेर ठेवावा लागे. जेवणाच्या सुट्टीत तेवढा तो हातात मिळे. आत्याने आधी ऋतुजाच्या मुलीच्या, ओवीच्या शाळेचं विचारलं, मग म्हणाली, दादाची पुढची केमो बुधवारी आहे की गुरुवारी? प्रसाद नीट सांगत नाही, आणि पुण्याला न्यायच्या दिवशी मऊ भात करून द्यावा म्हणते.

ऋतुजाने विचारलं, कुणाची केमो?

आत्याने ऐकू येत नसल्याचं सोंग केलं, पण ऋतुजाने तिला सोडलं नाही. हातातला घास तसाच राहिला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. बारामतीला राहणाऱ्या तिच्या वडिलांना, अप्पांना, स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता. दिवाळीच्या आधीच कळलं होतं. भाऊ प्रसादला माहीत होतं, नवऱ्याला, निरंजनला माहीत होतं, आत्याला, शेजारपाजाऱ्यांना, सगळ्यांना माहीत होतं.

"तुझ्या हातात ते असतं ना गं," आत्या रडवेल्या आवाजात म्हणाली. "तुझं काम जाऊ नये म्हणून निरंजनरावांनी सगळ्यांना बजावलं होतं."

ऋतुजाने मनगटावरच्या करड्या पट्ट्याकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

त्या पट्ट्याचा आणि अप्पांच्या आजाराचा काय संबंध, हे कळायला आधी तो कारखाना थोडा समजून घ्यावा लागेल.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात प्लायवूडचे थर चिकटवायचं रेझिन बनत असे. दोन रसायनं मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे रिअॅक्टरमध्ये, शिजवायची. पण हे मिश्रण शिजताना स्वतःच उष्णता सोडतं. तापेल तेवढं वेगाने शिजतं आणि शिजेल तेवढं आणखी तापतं. म्हणून भांड्याच्या बाहेरच्या आवरणातून थंड पाणी फिरवत ठेवतात आणि आत स्टररची पाती अखंड ढवळत असतात. यातलं एक जरी बंद पडलं तरी भांडं फुटायला वेळ लागत नाही.

हे सगळं सांभाळणारी यंत्रणा कंट्रोल रूमच्या मागच्या कपाटात होती. जाडजूड पुस्तकाएवढे डबे ओळीने बसवलेले. त्यांना मॉड्यूल म्हणत. एक तापमान वाचणारा, एक दाब वाचणारा, एक झडपा उघडणारा. सगळ्यांनी बोलायचा रस्ता मात्र एकच, त्याला म्हणत बस. सगळे एकदम बोलले तर गोंधळ होणार, म्हणून रस्त्याच्या तोंडाशी आणखी एक डबा बसवलेला, बस कंट्रोलर. सेकंदाला शेकडो वेळा तो हजेरी घ्यायचा: तू काय पाहिलंस, तू काय केलंस. जुने कंट्रोलर नुसते निरोप पोचवायचे. नवे कंट्रोलर निरोप तोलायचे. चार थर्मामीटर असले आणि तीन एक सांगत असताना चौथा भलतंच सांगू लागला, तर चौथ्याचं वजन कमी करायचे. बिघडलेल्या उपकरणाच्या नादी लागून चालू कारखाना बंद पडू नये, हा हेतू.

मग दुसऱ्या एका कारखान्यात अपघात झाला. पॅनलवरच्या माणसाने घाबरून चुकीची झडप उघडली आणि खालचे दोघे जागीच गेले. चौकशीत निघालं की उपकरणं सगळी शाबूत होती, बिघडला होता तो माणूस. त्यानंतर कंट्रोलर बनवणाऱ्यांनी माणसालाही त्याच रस्त्यावर आणून जोडलं. पॅनलवरच्या माणसाच्या मनगटाला पट्टा. तो नाडी, घाम, झोप, बोटांचा कंप, सगळं कंट्रोलरला कळवायचा आणि कंट्रोलर त्या माणसालाही एक वजन द्यायचा, शंभरपैकी. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. कामगार त्याला भरवसा म्हणत. तुझा आज भरवसा किती? भरवसा चाळीसच्या खाली गेला की त्या माणसाचा कुठलाही मोठा हुकूम कंट्रोलर मानत नसे.

पट्टा चोवीस तास हातावर ठेवावा लागे. सुरुवातीच्या दिवसांत एकदा ऋतुजाचं आणि निरंजनचं जोरात भांडण झालं. निरंजन दौंडच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा, त्याला नाशिकची नोकरी चालून आली होती आणि ऋतुजाला कुरकुंभ सोडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आकडा इतका घसरला होता की तिला आठवडाभर पॅनलवर बसू दिलं नाही. त्यानंतर निरंजन कधी भांडला नाही. नाशिकचं नावही त्याने काढलं नाही. ओवी सायकलवरून पडून तिच्या गुडघ्याला टाके पडले, ते ऋतुजाला खपली धरल्यावर कळलं. ऋतुजाला वाटायचं, नवरा निवळला, मुलगी शहाणी झाली. तिचा भरवसा कायम नव्वदीत असे. शिफ्टची प्रमुख तिलाच केली.

ती खुर्ची आधी संपत कोकऱ्यांची होती. ऋतुजाला पॅनल शिकवलं ते त्यांनीच. त्यांचा थोरला मुलगा न सांगता घर सोडून गेला, त्याचा पत्ताच लागेना, आणि संपतरावांचा आकडा तिशीला जाऊन बसला तो तिथेच राहिला. त्यांना खाली प्लांटमध्ये पाठवायचं ठरलं तेव्हा मिटिंगमध्ये ऋतुजाचंही मत विचारलं गेलं होतं. तिने होकार दिला होता. दुसऱ्या दिवसापासून संपतराव तिला मॅडम म्हणू लागले.

ऋतुजा कँटीनमधून कंट्रोल रूममध्ये परत आली. जेवणाच्या सुट्टीत पॅनल कंट्रोलरवरच सोडलेलं असे. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा आकडा होता, सेहेचाळीस. पाहता पाहता एकेचाळीस झाला. तिने दोन्ही तळवे टेबलावर टेकवले आणि तीन नंबरच्या रिअॅक्टरकडे लक्ष दिलं. बॅच निम्म्यावर आली होती. तापमान ठीक, दाब ठीक, थंड पाणी ठीक. चारपैकी एक थर्मामीटर वर चढत होता, पण कंट्रोलरने त्याला बाजूला काढून त्याच्यापुढे सदोष असं लिहिलं होतं. असं महिन्यातून एकदा तरी व्हायचं.

मग तिची नजर स्टररच्या मोटरवर गेली. मोटरवरचा भार उतरला होता.

मिश्रण जसं शिजतं तसं घट्ट होतं. ढवळायला जड जातं, भार चढतो. तो उतरावा कसा? तिने मागचा आलेख काढला. ती जेवायला गेली त्या सुमारास रेघ एका जागी तुटल्यासारखी खाली आली होती. जास्त भाराची सूचना यंत्रणा द्यायची, कमी भाराची द्यायची नाही. कमी भार म्हणजे सगळं सुरळीत, असंच धरलं होतं.

पाती दांड्यावरून निसटली असतील तर मोटर नुसता दांडा फिरवत असणार. ढवळणं बंद. तीन थर्मामीटर भांड्याच्या कडेला होते, थंड पाण्याच्या आवरणाजवळ. ते गार असल्याचंच सांगणार. चौथा मधोमध होता. म्हणजे वर चढणारा तो एकटाच खरं बोलत होता आणि तिघांनी मिळून त्याला खोटा पाडला होता.

यावर उपाय एकच होता. भांड्याच्या तळाची झडप उघडून सगळा माल खालच्या पाण्याच्या खड्ड्यात सोडून द्यायचा. तिने हुकूम दिला. पडद्यावर ओळ उमटली: भरवसा अपुरा, चौतीस. हुकूम नोंदवला, अमलात आणला नाही.

तिने कारखान्याचे व्यवस्थापक अभिजित सबनीस यांना टेबलावरच्या फोनवरून गाठलं. ते पुण्याला होते, पण हाच पडदा त्यांच्यासमोरही उघडत असे. त्यांनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मग मऊ आवाजात विचारलं की दुपारी काही झालं का, कारण आकडा फार वेगाने पडलाय. ऋतुजाने खरं ते सांगितलं. ते शेजारच्या युनिटमधून दुसरा पॅनलचा माणूस पाठवतो म्हणाले, तो अर्ध्या तासात पोचेल, तोवर तिने काही करू नये.

"सर, अर्धा तास नाहीये आपल्याकडे."

"ऋतुजा, तो अपघात झाला तेव्हा मी तिथे होतो," सबनीस म्हणाले. "त्या माणसालाही अगदी असंच वाटत होतं."

स्वतःविषयी तिलाही तीच शंका आली होती. हात कापत होते ते अप्पांमुळे की या रिअॅक्टरमुळे? कंट्रोलरला कळत नव्हतं, आणि क्षणभर तिलाही कळेना.

तिने सबनीसांना सांगितलं की आधी प्लांट रिकामा करायचा भोंगा देते. त्याला कुणाचा भरवसा लागत नाही. ते हो म्हणाले. भोंगा वाजला. माणसं फाटकाकडे पळू लागलेली तिला कॅमेऱ्यात दिसली.

टेबलावर लाल बटण होतं, पण आता तेही कंट्रोलरमधूनच जायचं आणि ते दाबल्यावर सगळंच थांबायचं, थंड पाण्यासकट. मनगटावरचा पट्टा काढून फेकला तर कंट्रोलर एक मॉड्यूल गायब झालं असं समजून तेच करणार होता. कडेने फिरणारं पाणी हाच आता त्या भांड्याला एकमेव आधार होता.

एक वाट उरत होती. तळाच्या झडपेसाठी दोन माणसांनी एकाच वेळी हुकूम दिला आणि त्यांच्या भरवशाची बेरीज साठ झाली, तर कंट्रोलर मानायचा. ही सोय आजवर कुणी वापरली नव्हती. दुसरा हुकूम मात्र रिअॅक्टरच्या मजल्यावरच्या छोट्या पॅनलवरून द्यावा लागे, भांड्यापासून चार हातांवर उभं राहून.

पॅनलचा परवाना आणि हातावर पट्टा असलेलं दुसरं माणूस आवारात एकच होतं. तिने वॉकी-टॉकी उचलला आणि संपतरावांना हाक मारली. ते जिना उतरत होते. तिने थोडक्यात सगळं सांगितलं, आणि वर परत जाल का, असं विचारलं. पळून जायला सांगायच्या ऐवजी आपण हे मागतोय, याची तिला लाज वाटली, पण तिने विचारलं.

संपतराव थांबलेले कॅमेऱ्यात दिसले. त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

"बॅच चांगली निघाली तर, मॅडम? माझा आकडा असला. मला हाकलायला त्यांना निमित्तच हवंय."

"तुम्ही स्वतः बघा आणि मग ठरवा. नाही पटलं तर खाली या. मी काही म्हणणार नाही."

ते वर गेले. रिअॅक्टरजवळ उभे राहिले, कान पुढे केला. दांडा फिरतोय, ते म्हणाले. मग त्यांनी कान आणखी जवळ नेला. ऋतुजा चौथ्या थर्मामीटरकडे पाहत होती. त्याचा चढ आता आणखी उभा झाला होता.

"पोटात आवाज न्हाई," संपतराव म्हणाले. "ढवळल्याचा आवाजच न्हाई."

ते छोट्या पॅनलपाशी गेले. त्यांचा आकडा तिच्या पडद्यावर उमटला, एकोणतीस. तिचा अठ्ठावीस. दोघांनी मिळून सत्तावन्न होत होते. ती आकड्याकडे पाहत राहिली तशी तो सत्तावीस झाला.

तिने खोल श्वास घेतले. काही उपयोग झाला नाही. शांत व्हायचा जेवढा प्रयत्न करावा तेवढी नाडी वाढत होती. तिकडे मजल्यावर कुठूनतरी सूं असा बारीक आवाज सुरू झाला, तो वॉकीवरूनही ऐकू आला.

"ऋतुजा," संपतराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिला नावाने हाक मारली. "काय झालंय तुला? भीती कशाची वाटतीय, घरची का हितली?"

"दोन्हीची."

"घरचं काय?"

तिने सांगितलं. अप्पांना कॅन्सर आहे, सगळ्यांना ठाऊक होतं, मला कुणी सांगितलं नाही, मी रोज त्यांच्याशी व्हिडिओवर बोलत होते आणि मला काही दिसलं नाही. एवढं बोलेपर्यंत तिला रडू फुटलं. ते आवरायचा तिने प्रयत्न केला नाही. वॉकीचं बटण तसंच दाबलेलं राहिलं आणि संपतराव त्या तापलेल्या भांड्याजवळ उभे राहून ऐकत राहिले. मग म्हणाले की मुलगा गेला तेव्हा त्यांनीही महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं, पट्ट्याच्या धाकाने, आणि सगळ्यात वाईट ते महिनाभर गप्प राहणंच होतं.

"आता हितलं सांग," ते म्हणाले. "नक्की का?"

"नक्की. दोन्ही भीती वेगवेगळ्या कळताहेत आता मला."

तिने पडद्याकडे पाहिलं. तीस. तिने बाहीला डोळे पुसले, बोट बटणावर ठेवलं. आकडा हलला. एकतीस.

"दाबा," ती म्हणाली.

दोघांनी एकदम दाबलं. कंट्रोलरने बेरीज केली, साठ, आणि झडप उघडली. खालच्या खड्ड्यातून वाफेचा लोट उठला. कॅमेरे एकामागून एक पांढरे झाले. संपतराव जिन्याकडे पळताना तिला दिसले, मग तेही दिसेनासे झाले. निम्म्याहून जास्त माल खाली गेला असेल, तेवढ्यात उरलेला आतल्या आत उसळला आणि भांड्याच्या माथ्यावरची, दाब वाढला की फाटावी म्हणून बसवलेली सुरक्षेची चकती फाटली. कंट्रोल रूमच्या काचा तडकल्या. तिने संपतरावांना हाका मारल्या. वॉकीवर नुसती खरखर होती.

ते जिन्याच्या तळाशी सापडले, भिंतीला टेकून बसलेले. पाठ आणि मान वाफेने भाजली होती, एका कानाने ऐकू येत नव्हतं. जीव वाचला होता. भांडं बंदच राहिलं असतं तर तो मजला उरला नसता, हे संध्याकाळी सबनीसांनीच सगळ्यांसमोर सांगितलं. ते पुण्याहून थेट आले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. पाती खरंच निसटली होती. भांड्यात उरलेला माल दगडासारखा घट्ट झाला होता आणि पाती त्याच्या तळाशी रुतून बसली होती.

रात्रीपासून चौकशी आणि जबाब सुरू झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालले. कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीची एक इंजिनिअर आली होती, तरुण, हुशार, बोलायला नम्र. कंट्रोलरने चुकीचं काही केलं नाही, असं तिने दाखवून दिलं. माणूस खरोखरच घाबरलेला होता. अडचण एवढीच की घरची भीती कुठली आणि कामावरची कुठली, हे त्याला वेगळं करता येत नव्हतं. त्यावरचा उपाय त्यांच्याकडे तयार होता. घरच्या माणसांच्या हातांवरही पट्टे बांधायचे. नवरा, मुलगी, आईवडील. मग घरच्या दुःखाचा हिस्सा वजा करता येईल आणि उरेल ती कामावरची भीती. सुरुवात ऋतुजाच्या घरापासून करावी, अशी त्यांची विनंती होती.

ऋतुजाने पट्टा मनगटावरून सोडवला आणि टेबलावर ठेवला. घरच्या कुणाच्या हातावर तो चढणार नाही, ती म्हणाली. पॅनलवर मी परत बसेन, पण एकटी नाही. शेजारी दुसरं माणूस हवं, दोघांचे आकडे काहीही असोत. सबनीस म्हणाले की त्यासाठी दुप्पट माणसं लागतील. ती म्हणाली, लागतील.

तिथून ती इस्पितळात गेली. संपतराव पालथे झोपले होते. तिचा आवाज ओळखून त्यांनी मान न वळवता विचारलं, "तू हितं काय करतीस? बारामतीला जा."

निरंजन गाडी घेऊन खाली थांबला होता. पाटस मागे पडल्यावर तो म्हणाला की त्याने हे तिच्यासाठीच केलं. आकडा पडला तर ती मोडून पडेल असं त्याला वाटलं. तिने विचारलं, आणि अप्पा मधेच गेले असते तर? त्यावर तो रागावला. दोन वर्षं या घरात मी साधा वैतागलोसुद्धा नाही, तुला कळतं का ते, असं म्हणाला. आवाज चढला होता. तीही चढ्या आवाजात बोलली. दोघं बारामती येईपर्यंत भांडत राहिली.

दारात प्रसाद उभा होता. अप्पांसमोर रडू नकोस, तो हळूच म्हणाला. तुला कळलंय हे त्यांना माहीत नाही.

अप्पा खाटेवर उशीला टेकून बसले होते. फोनच्या चौकटीत रोज नुसता चेहरा दिसायचा. आता हात दिसले, पाय दिसले, अंगावर लोंबणारा सदरा दिसला. तिला पाहताच त्यांनी पाठ ताठ केली आणि ते हसले. अरे वा, आज सुट्टी का, तब्येत एकदम झकास आहे बघ माझी, असं म्हणू लागले.

"अप्पा, राहू द्या," ती म्हणाली आणि त्यांच्या पायाशी बसून रडू लागली.

त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग हळूहळू ते उतरलं. पाठ सैल झाली, आणि ते अंगातलं काहीतरी खाली ठेवल्यासारखे उशीत रुतले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्याशी हसून बोलायचं म्हणजे औषधापेक्षा जड जायचं गं," ते म्हणाले.

"दुखतं का?"

"खूप."

मग तिने मान वळवून निरंजनकडे आणि प्रसादकडे पाहिलं. माझ्यापासून अजून काय काय लपवलंय, तिने विचारलं. प्रसादने खाली पाहिलं. निरंजन उंबऱ्यापाशी उभा होता तो आत आला, जमिनीवर मांडी घालून बसला, आणि सांगू लागला.